घडीवर न कापलेला कुर्ता

शामकलाले कोणी "बिचारी" म्हटलं की माह्या डोक्यात तिडीक जाते. बिचारी म्हणे! गोंदिया-दवनीवाडा गाडीवर नऊ वर्षं कंडक्टरकी केलेली बाई आहे ती. दारात लटकणाऱ्या पोट्ट्यांना कॉलर धरून आत ओढते. एकदा एक पाहुणा बकरी घेऊन चढला, तर तिनं बकरीचंबी तिकीट काढलं अन् वरून बकरीले खिडकीजवळ जागा दिली. पाहुणा उभ्यानं गेला.

मी मंजू. गोंदियाजवळच्या कुडव्यात घराच्या पुढच्या खोलीत बायांचे कुर्ते शिवते. शामकलाची खाकी वर्दी पहिल्यापासून माह्याकडेच. तिचा कागदी फर्मा मी तीनदा बदलला आहे, दोनदा बाळंतपणानंतर अन् एकदा तिनं स्टँडवरचे समोसे रोजचेच धरले तेव्हा. फर्मा म्हणजे अर्ध्या अंगाच्या मापाचा कागद. कापड मधोमध दुमडायचं, घडीवर कागद ठेवायचा अन् अर्धंच कापायचं. उघडलं की कुर्ता पूर्ण. माणसाचं अंग दोन्हीकडून सारखं असतं, या एका भरवशावर साऱ्या टेलर लोकांचं पोट चालतं.

मागच्या वर्षी कॅन्सरनं शामकलाची डावी छाती काढावी लागली. नागपूरले ऑपरेशन झालं, मंग त्या औषधाच्या सलाईनी, केस गेले, परत आले ते कुरळे आले. डॉक्टरनं कामावर जायची चिठ्ठी दिली त्याच दिवशी ती स्कूटीवर माह्याकडे आली. अंगावर दुपट्टाही नव्हता. नवं खाकी कापड टेबलावर टाकलं अन् म्हणाली, जशी आहे तशी शिव, डावीकडं सपाट. तिकिटाची बॅग आता उजव्या खांद्यावरच सरळ लटकवणार, तर ती घसरू नये म्हणून तिथं बटनाची पट्टी लाव. मी माप घेतलं. खोटं कायले सांगू, डावीकडं टेप नेताना मी आकडा दोनदा चुकीचा लिहिला. ती मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या सुट्ट्या मोजून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा टेकचंद आला. माणूस वाईट नाही हो. बायकोच्या आजारपणात त्यानं धानाचं पाहिलं, पोरांचं पाहिलं, तिले न्हाऊ घातलं. पण त्याच्या मनात होतं की तिनं आता गाडीवर जाऊच नये, डेपोतच ऑफिसात काही हलकं काम मागावं, आतल्या खोलीतलं. ती ऐकत नव्हती. मंग निदान डावीकडं आतून थोडं भरून द्या ताई, म्हणाला, म्हणजे दिसणार नाही, अन् तिले काही सांगू नका. दाराच्या चौकटीले धरून रडला बिचारा. पाहा, मीच म्हणून गेली बिचारा.

अन् मी मूर्ख, हो म्हणून बसली. निव्वळ त्याच्या रडण्यानं नाही. वीस वर्षांपासून हे हात दुसरं करतात काय? कोणाचा एक खांदा उतरता, कोणाचं पोट सुटलेलं, कोणाले पोक. सारं झाकून द्यायचं अन् बाईले आरशासमोर खुश करायचं. लपवणं म्हणजेच शिवणं, अशीच माही समजूत होती. जुना फर्मा काढला, कापड दुमडलं, घडीवर कापलं. डाव्या बाजूले अस्तरामागं स्पंजची वाटी बसवली. हँगरवर कुर्ता असा झकास दिसला की मले माह्या हाताचं कौतुक वाटलं.

शामकलानं तो घातला, आरशात पाहिलं. मंग डाव्या बाजूवर बोट दाबलं. खळगा पडला अन् हळूहळू भरून आला. तिनं कुर्ता काढला, माह्या मशीनवरचं ब्लेड उचललं, अस्तर उसवलं अन् ती वाटी काढून माह्यासमोर ठेवली.

"हे कोणाचं आहे?"

मी टेकचंदचं सांगून टाकलं. लोक कसे पाहतात तुले माहीत नाही, असंही वरून ऐकवलं. चूक माही अन् आवाजबी माहाच चढला.

"लोक? रोज दोनशे लोकांच्या तोंडासमोर उभी राहते मी. तू सांगते मले लोक?" ती म्हणाली. "मी मरू नये म्हणून साऱ्यांनी देव पाण्यात ठेवले. आता वाचली, तर लपून राहू? कायले? मी काय चोरी केली?"

मले लाज वाटली, अन् ती गिळून मी नवं कापड आणलं, माह्याच खर्चानं.

वीस वर्षांत पहिल्यांदा मी कापड न दुमडता टेबलावर पसरलं. उजव्या अंगाचा कागद वेगळा काढला, टक्ससहित, म्हणजे छातीच्या उभारासाठीच्या चुण्यांसहित. डाव्याचा वेगळा, बिनटक्सचा. असा शिवलेला पहिला कुर्ता पार बिघडला, गळा डावीकडं ओढला गेला. शामकला म्हणाली, हा तर बस वळणावर असल्यासारखा वाटून राहिला. तेव्हा उजेड पडला की सपाट बाजूले कापडाले उभारावर चढायचंच नाही, तर तिकडची लांबी कमी पाहिजे. दुसऱ्यांदा तेवढी कमी केली. बगलेत चौकोनी तुकडा टाकला, म्हणजे घंटीच्या दोरीपर्यंत हात जाईल. व्रणाजवळ जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर लावलं. यावेळी कुर्ता बसला. झाकलं काहीच नव्हतं, अन् बसला.

सोमवारी ती ड्युटीवर निघाली. मले घरी बसवेना, म्हणून मीबी स्टँडवर गेली अन् गाडीत चढली. पाहते तर दुसऱ्या सीटवर टेकचंद, मान खाली घालून. गाडी भरली. शामकला तिकिटं देत पुढं आली तशी लोकांची नजर आधी तिच्या तोंडाकडं जाई, मंग खाली, मंग खिडकीबाहेर. कॉलेजच्या पोरी एकमेकींले कोपर मारून राहिल्या. 

टेकचंदच्या बाजूले दवनीवाड्याची रुख्माआजी बसली होती. तिले हळू बोलता येत नाही.

"काऊन वो बाई, तुह्या या बाजूचं कुठं गेलं?"

 टेकचंद अर्धा उठला, आजी काय विचारता म्हणून. शामकलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याले खाली बसवलं.

"बसा तुम्ही. मले विचारलं." मंग आजीकडं वळली. "काढलं, आजी. कॅन्सर होता. ते टाकलं, जीव ठेवला. कुठं जायचं?"

आजीनं तिले वरपासून खालपर्यंत पाहिलं. कोणापासून काही लपवायचं नाही अशीच उभी होती शामकला.

"बरं केलं," आजी म्हणाली. "माह्या बहिणीले गाठ होती. लाजेनं कोणाले दाखवली नाही. मेली." मंग आपलं सवलतीचं कार्ड काढून पुढं केलं.

शामकलानं आजीचं तिकीट दिलं अन् नवऱ्यासमोर तिकिटाचं मशीन धरलं. कुठपर्यंत, तिनं विचारलं. तो हळूच म्हणाला, मी तर घरचाच.

"घरी. इथं मी कंडक्टर आहे. कुठपर्यंत?"

टेकचंदनं गमछानं डोळे पुसले. मंग मान वर केली अन् साऱ्या गाडीले ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दवनीवाडा. एक फुल."