इंदूताई आणि कुकरची एक शिट्टी

सकाळी साडेसहाला आमच्या प्रताप नगरच्या गल्लीत जो तो आपापल्या परीने आरोग्य कमावत असतो. कोणी हात झाडत चालतो, कोणी कानात गाणी खुपसून. इंदूताई भोयर मात्र हातात कडुनिंबाची काडी घेऊन रस्त्याच्या कडेला वाकलेल्या असत आणि कुत्र्याची शी उकलून बघत असत. आमची ओळख झाली ती अशीच. मी आमच्या तीन महिन्यांच्या पिल्लाला फिरवायला निघालो होतो. पिल्लाने नुकताच आपला कार्यभाग उरकला होता आणि अशा वेळी सुशिक्षित माणूस जे करतो ते मी करत होतो, म्हणजे आभाळाकडे पाहत होतो.

"वर काय पाहून राह्यले गा भाऊ? खाली पाहा," मागून आवाज आला. मी वळेपर्यंत काडीने तपासणी सुरूही झाली होती. "पतलं हाय. काल काय चारलं पिल्लाले?"

बत्तीस वर्षं सांख्यिकी खात्यात काढलेल्या माणसाला इतका सरळ प्रश्न कोणी विचारलेला नसतो. मी म्हणालो, "रजिस्टर पाहून सांगतो."

रजिस्टर खरोखरच होतं. आमच्या मुलीने, गौरीने, लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं, त्याचं नाव कोको ठेवलं आणि महिन्याभरात पुण्याला नोकरी धरली. कोको आमच्याकडे राहिली. मग फोनवरून सूचना यायला लागल्या. आजकाल म्हणे कुत्र्यांना नुसते पाकिटातले दाणे देत नाहीत, जोडीला कच्चं मांसही देतात. आमच्या घरात आजवर अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. पण कागदावरच्या कामाला मी कधी भ्यालेलो नाही. मी सात रकान्यांचं रजिस्टर आखलं. दिनांक, वार, दाणे, कच्चे, वेळ, परिणाम, शेरा. पहिले तीन आठवडे "कच्चे" हा रकाना कोराच होता, हे इंदूताईंनी दुसऱ्याच दिवशी आमच्या फाटकापाशी उभं राहून हुडकून काढलं.

इंदूताई सरकारी जनावरांच्या दवाखान्यात परिचर होत्या. काटोलकडच्या शेतकरी घरातल्या. नवरा लवकर गेला, मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात लागला आणि निवृत्तीनंतर गल्लीच्या टोकाच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांचा म्हातारा गावठी कुत्रा, एवढेच राहत. कुत्र्याचं नाव इंजन. उठताना तो आधी बराच वेळ धापा टाकायचा आणि मग हलायचा, म्हणून इंजन. त्यांच्या वागण्यात गोडवा असा नव्हता. माणसांशी त्या जनावरांच्या दवाखान्यातल्यासारखंच बोलायच्या. काय दुखतं, कुठं दुखतं, तोंड उघडा.

त्यांची पद्धत साधी होती. "सकायी कंपनीचं, संध्याकायी कोंबडीचं. दोघाइची भेट एका ताटात नाही झाली पाह्यजे." आधी कच्चं सुपारीएवढं द्यायचं, दोन दिवस शी पाहायची, मग वाढवायचं. भांडं वेगळं, डबा वेगळा, हात साबणाने दोनदा धुवायचे. आणि एक गोष्ट त्यांनी बोट वर करून सांगितली होती: "हाडूक देसान तं कच्चंच द्या, अन् समोर बसून द्या. कच्चं हाडूक लवते. शिजलेलं हाडूक काचेवानी तुटते. ध्यानात ठेवा." मी ते लिहूनच घेतलं. शेऱ्याच्या रकान्यात, लाल शाईने.

आता कोंबडी आणायची कुठून? आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर दुकान होतं, पण तिथे ओळखीची माणसं. म्हणून मी स्कूटरवर बसून अख्खं नागपूर ओलांडून नंदनवनला गेलो. हेल्मेटची काच खाली ओढून रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे आमच्या खात्यातला जुना सहकारी होता. त्याने मला हेल्मेटसकट ओळखलं.

"अरे, तुम्ही? इथे?"

"कुत्र्यासाठी," मी म्हणालो.

"हो ना," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मीसुद्धा घरी तेच सांगतो."

इंदूताईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "एवढ्या उन्हात थे मांस शहरभर फिरवलं? मंग पिल्लाले कायले देता, मलेच द्या, फेकून देतो." आणि दिलं फेकून. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मला हाताला धरून कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "हे भाऊ शरमतात. याइले कोंबडीच्या माना द्या, ताज्या."

त्या माना घरी आल्या आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. बायको म्हणाली, "मी हात लावणार नाही, पण तुम्ही लावलात तर बोलणारही नाही." मी हातमोजे घातले, चिमटा घेतला, डोळे अर्धे मिटले आणि कोकोला वाढलं. कोकोने दोन मिनिटांत मान संपवली आणि माझ्याकडे अशा प्रेमाने पाहिलं की तसं प्रेम मला आजतागायत कोणत्याही वरिष्ठाकडून मिळालेलं नाही. गुरुवारी मात्र मी फक्त दाणेच देत असे. इंदूताईंनी रजिस्टर पाहून विचारलं, "कोकीनं गुरुवार धरला का?" त्या तिला कोकीच म्हणायच्या. मी म्हणालो, उपवास माझा आहे, तिचा विश्रांतीचा वार. त्या काडी टाकून निघून गेल्या.

हे दोनेक महिने नीट चाललं. कोकोचे केस चमकायला लागले, इंदूताईंचा "बरं हाय" हा शेराही मिळायला लागला. माझा चिमटा मात्र काही सुटला नाही आणि तो कच्चा वास रोज संध्याकाळी माझ्या नाकात बसायचा. मग एका शनिवारी मला एक युक्ती सुचली. माझ्या युक्त्यांनी खात्याचं फार नुकसान झालं नव्हतं, कारण त्या वरिष्ठ फेटाळत असत. इथे वरिष्ठ कोणी नव्हता. मागच्या अंगणातल्या जुन्या कुकरमध्ये मी माना ठेवल्या आणि एक शिट्टी काढली. फक्त एक. माझं म्हणणं असं की, एका शिट्टीत वास जातो, जंतू मरतात आणि माल मूळचा कच्चाच राहतो. रजिस्टरमध्ये मी लिहिलं: "कच्चे (किंचित सुधारित)". लाल शाईतली ओळ चार पानं मागे राहिली होती. मी ती उलटून पाहिली नाही, कारण ती काय म्हणते हे मला ठाऊक होतं.

रविवारी सकाळी कोको खाईना. दुपारपर्यंत ती चार वेळा ओकली, मग पोट जमिनीला टेकवून पडून राहिली. हाक मारली की शेपटी हलवायची, पण उठायची नाही. मी इंदूताईंना बोलावलं. त्या चपला न घालताच आल्या. पोटावर हात फिरवला आणि विचारलं, "काल काय दिलं?"

"नेहमीचंच," मी म्हणालो.

तिघं मिळून रिक्षाने डॉक्टरकडे गेलो. बायकोच्या मांडीवर कोको, मध्ये इंदूताई, आणि कडेला मी रजिस्टर घेऊन. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "कच्चं खायला देता? कोणी सांगितलं?" मी काहीच बोललो नाही. आमच्या खात्यात याला तटस्थ राहणं म्हणत. डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्ग दिसतोय, इंजेक्शन देतो, घरी न्या, उद्या बघू. आणि मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. दोष कच्च्याचा निघाला होता, माझ्या शिट्टीचा नव्हता.

तेवढ्यात इंदूताई म्हणाल्या, "मीनंच सांगतलं होतं, डाक्टरसाहेब. माह्यंच चुकलं असन. मांसाचा वास घेऊन पाह्याले पाह्यजे होता मीनं." आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. ज्या बाईने आयुष्यभर बैलांच्या खुरांखाली हात घातले, ती माझ्या गप्प बसण्यामुळे रडत होती.

"एक शिट्टी काढली होती," मी म्हणालो.

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "कसली शिट्टी?"

"कुकरची. माना शिजवल्या होत्या. हाडासकट. थोड्याच."

त्यानंतर सगळं फार भराभर झालं. एक्स-रे काढला. हाडाचा टोकदार तुकडा आतड्याच्या वळणावर अडकलेला दिसला. उद्यापर्यंत थांबलो असतो तर आतडं फाटलं असतं, असं डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले. ऑपरेशनला तीन तास लागले. ते तीन तास इंदूताई माझ्या शेजारी बाकावर बसून होत्या. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा त्यांनी समोरच्या भिंतीकडेच पाहिलं. कोको वाचली, हे सांगायला डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या वहीतून माह्यं नाव काढून टाका." रजिस्टरमध्ये त्यांचं नाव कुठेच नव्हतं. सगळं मी माझ्याच नावाने लिहिलं होतं.

पुढे महिनाभर त्या आमच्या फाटकापाशी थांबल्या नाहीत. मी रस्त्यात वाकून स्वतः तपासणी करायला लागलो, तेही त्यांनी लांबूनच पाहिलं. आणि मग एके दिवशी इंजनला घेऊन त्या सरळ आमच्या व्हरांड्यात आल्या. त्यांचे गुडघे गेले होते. मुलगा त्यांना बुटीबोरीला नेणार होता. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, इंजनला पायऱ्या चढवत नव्हत्या, आणि त्याला उचलणं त्यांच्याच्याने होत नव्हतं.

"याले ठेवून घ्या," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्या बायकोला सांगतायत. मी म्हणालो, "इंदूताई, मी तर पिल्लू मारत होतो."

"हाव, मारतच होते. पन सांगतलं ना. तीस वर्सं दवाखान्यात काढली मीनं. चारनारे काहीबी चारतात, अन् इचारलं का मुंडी हालवतात. जनावर मरून जाते, पन कबूल कोनी नाही करत. तुमी सांगतलं. उशिरा सांगतलं, पन सांगतलं." मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "वहिनी, याइले कुकर देऊ नोका वं."

इंजन आमच्याकडे वर्षभर राहिला. दाणे त्याने कधी मनापासून खाल्ले नाहीत. कोकोला मात्र तो आपल्या ताटात तोंड घालू द्यायचा. हिवाळ्यात तो गेला. बुटीबोरीला फोन मलाच करायचा होता. बायको म्हणाली, "झोपेत गेला म्हणून सांगा. म्हातारी आहे, कशाला त्रास." मीही तेच ठरवून फोन लावला.

"इंदूताई," मी म्हणालो, "इंजन गेला. झोपेत नाही गेला. दोन दिवस खात नव्हता. मला वाटलं थंडीमुळे असेल. डॉक्टरला मी एक दिवस उशिरा बोलावलं."

मी फोन कानाला तसाच दाबून धरला होता.

"जवळ कोन होतं?" त्यांनी विचारलं.

"मी होतो. डोकं माझ्या मांडीवर होतं."

"बरं," त्या म्हणाल्या. "तुमी जेवले का गा भाऊ? नसन जेवले. जा, दोन घास खाऊन घ्या."