पोंक्षे सरांची वाई

आमोद पोंक्षेनं जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि त्याच्या सख्ख्या वडिलांनी त्याला फ्रान्सऐवजी वाईला पाठवलं. यात वडिलांची चूक किती आणि भूगोलाची किती, हे अजून ठरायचंय.

वडील म्हणजे बाळकाका. वय शहाऐंशी, मंडईजवळ भांड्यांचं दुकान आणि अजूनही सकाळी गल्ल्यावर हजर. पातेलं बोटानं वाजवून ते त्याची जात सांगत. माणसांनाही तसंच वाजवून बघत. आमोदच्या बाबतीत निकाल कायम एकच होता. तो भूगोलात बोर्डात पहिला आला तेव्हा "बरं." नोकरी लागली तेव्हा "पर्मनंट आहे का?" लग्न झालं तेव्हा मुहूर्त चुकला नाही, एवढ्यावर समाधान. शाब्बास हा शब्द त्या दुकानात ठेवलेलाच नव्हता. साठीला आलेल्या माणसानं याचं वाईट वाटून घेऊ नये, हे आमोदला कळत होतं. तरी वाटायचं. फार वाटायचं.

म्हणून त्याच्या सायकल गटानं फ्रान्समधल्या द्राक्षबागांतून सायकलनं फिरायची टूम काढली, तेव्हा त्यानं सगळ्यांत आधी नाव दिलं. रोज पहाटे खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचं, गुडघ्यांना तेल चोळायचं, पुन्हा जायचं. बाबांनी एकदा तरी मान डोलवावी, यापलीकडे त्यात काही हेतू नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी तो त्यांच्यासमोर जाऊन बसला.

"बाबा, मी वाईनच्या गावांना चाललोय. सायकलनं."

बाळकाकांचं कानाचं मशीन नेहमीप्रमाणे खणात होतं. ते घातलं की कानात कोणीतरी फोडणी देतंय असं वाटतं, ही त्यांची तक्रार.

"वाईला? मग सांगायचं काय त्यात एवढं?"

"वाई नाही हो, वाईन! फ्रान्स!"

"छान असणारच. कृष्णाकाठ आहे."

आमोदच्या बायकोनं, नीरजानं, कागदावर मोठ्या अक्षरांत 'फ्रान्स' लिहून समोर धरलं. बाळकाकांनी ते वाचलं, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "या नावाचं हॉटेल निघालेलं दिसतंय तिकडे. महाग असेल. त्यापेक्षा धर्मशाळेत उतर. आणि येताना हळद आण."

पुण्यातल्या माणसाचं एकदा मत झालं की त्याला हलवायला क्रेन लागते. पोंक्षे मंडळींनी नाद सोडला.

तिकडे गट मजेत होता. वाईनच्या पहिल्याच तळघरात मालकानं समजावलं की घोट तोंडात घोळवायचा, चव घ्यायची आणि समोरच्या बादलीत थुंकायचा. पुणेकरांनी एकमेकांकडे पाहिलं. पानात काही टाकायचं नाही, या एका वाक्यावर वाढलेली माणसं ती. आमटीचा थेंब राहिला म्हणून लहानपणी बोलणी खाल्लेली. शिवाय यजमानाच्या तोंडावर थुंकायचं? सगळ्यांनी सगळं गिळलं, "अन्नदाता सुखी भव" म्हटलं आणि सायकलींवर बसले. पुढचा रस्ता नकाशात सरळ होता, गट मात्र वळणं घेत गेला. आमोद वाटेत एका द्राक्षवेलीला "सॉरी हं काकू" म्हणाला, असं त्याचे सोबती सांगतात. तो नाकबूल करतो.

रोज पुण्यात जेवणं उरकली की नीरजा व्हिडिओ कॉल लावून फोन सासऱ्यांपुढे धरायची. आमोद मोठ्या हौसेनं एकेक दाखवायचा. बाळकाका एकेक ओळखायचे.

"हा मेणवलीचा वाडा. बरीच डागडुजी केलेला दिसतोय." तो एका सरदाराचा महाल होता.

"कृष्णेला पाणी बरं आहे."

"बाबा, इथली माणसं बघा!" आमोद ओरडला आणि त्यानं द्राक्षबागेच्या गोऱ्यापान मालकाला पुढे ओढलं.

"शूटिंग चालू असेल. वाईला कायम शूटिंग असतं," बाळकाका नीरजाला म्हणाले. फ्रेंच पाट्या, पुण्यात रात्र असताना तिकडे पडलेलं लख्ख ऊन, सगळ्याचा उलगडा त्या शूटिंगनं झाला. उन्हाच्या बाबतीत तर त्यांनी दिव्यांच्या वीजबिलाची काळजीही व्यक्त केली.

शेवटच्या दिवशी बागांच्या मधून एक चढ लागला. पर्वतीहून फार मोठा नव्हता, पण सोबत्यानं फोटो खालून काढल्यामुळे आमोद आभाळात चाललेला दिसत होता. कॉल चालू असतानाच नीरजानं तो फोटो दाखवला. बाळकाकांनी फोन स्वतःच्या हातात घेतला.

"हा पसरणीचा घाट. वाईहून पाचगणीला चढणारा. लग्नाआधी मी मित्रांबरोबर गेलो होतो सायकलनं. सगळे पुढे निघून गेले, मला उतरावं लागलं. हातात सायकल धरून चालत गेलो. कुणाला बोललो नाही आजवर." ते पडद्याच्या अगदी जवळ आले. "तू उतरलास का रे?"

आमोदनं नकारार्थी मान हलवली. खरंच उतरला नव्हता. त्या चढावर.

"शाब्बास," बाळकाका म्हणाले.

साठीचा गृहस्थ फ्रान्समधल्या रस्त्याच्या कडेला बसून हमसून हमसून रडला. काय झालं विचारायला बागेची मालकीण धावत आली. तो कसाबसा "वाई, वाई" एवढंच म्हणू शकला, म्हणून तिनं आणखी एक पेला भरून आणला.

परतल्यावर त्यानं मंडईतनंच अर्धा किलो हळद घेऊन बाबांच्या हातात ठेवली. "वाईची ती वाईची," असा शेरा मिळाला. पण खरी पंचाईत पुढेच होती. बाळकाका येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागले, "आमचा आमोद पसरणी न उतरता चढला. या वयात." लोक आमोदला रस्त्यात थांबवून हात मिळवू लागले. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं, आणि ते दुसऱ्याच्या नावावर आलेल्या पार्सलसारखं घरात पडून होतं. फोडवत नव्हतं, परतही करवत नव्हतं.

एका सकाळी त्यानं दुकानाच्या टेंपोत सायकल टाकली.

"कुठे?" बाळकाकांनी विचारलं.

"वाईला."

"परवाच तर आलास. काही विसरलं का?"

आमोदनं मान हलवली. या वेळी होकारार्थी.

वाईत टेंपोवाल्या वैजनाथनं सायकल उतरवून दिली आणि तो मागून हळूहळू येत राहिला. घाट काही फ्रान्ससारखा सभ्य नव्हता. पाचगणीला निघालेल्या गाड्यांमधून लोक "कम ऑन अंकल" ओरडत होते. एका वळणावर, करवंदाच्या जाळीपाशी, आमोदचे पाय संपले. तो उतरला.

वैजनाथनं खिडकीतून डोकं काढलं. "सर, टाका सायकल गाडीत. वर जाऊन फोटो काढू. कुणाला कळतंय?"

आमोदनं घरी फोन लावला. नीरजानं उचलला. "बाबांनी मशीन घातलंय आज. तू निघाल्यापासून घालून बसलेत," ती म्हणाली आणि तिनं फोन सासऱ्यांकडे दिला.

"बाबा, मी उतरलो. पसरणीत. आणि त्या वेळी मी वाईला नव्हतोच, फ्रान्सला होतो. तो फोटो तिथला. तुमची शाब्बासकी मी फुकट घेतली."



"करवंदाच्या जाळीपाशी उतरलास?"

"हो."

"मीही तिथेच," बाळकाका म्हणाले. "पाणी पी आणि बस परत सायकलवर. एकदा दिलेला माल आपण परत घेत नाही."