पूर्णपीठ म्हणजे काय जी?

"तुम्हाला पीठ म्हटलं की कणीकच दिसणार ना, बाई!"

समोरच्या पार्टीचा मोठा वकील हायकोर्टाच्या व्हरांड्यात असं म्हणाला. मी हुडकेश्वरच्या एका मेसमधी पोळ्या लाटते, हे त्याले ठाऊक होतं. सारे खदाखदा हसले. माहा वकीलही हसला. ते जास्त लागलं.

म्या इतकंच विचारलं होतं, "पूर्णपीठ म्हणजे काय जी?"

भिवापूरकडल्या आमच्या गावात चौघांनी माह्या पोराले, सुगतले, मारून टाकलं. पाटलाच्या जीपले हॉर्न वाजवून वाट मागतली, एवढाच गुन्हा. बावीस वर्षांचा होता. खालच्या कोर्टानं चौघंही सोडले. सरकार अपिलात गेलं नाही, म्हणून मी गेली. तं हायकोर्टातल्या दोन जजचं जमलं नाही. मेलेल्याच्या मायनं अपील कराले आधी परवानगी मागाव का नाही? एक म्हणे हो, एक म्हणे नाही. म्हणून तीन जज बसवले. तेच पूर्णपीठ. पण हे मले तवा कोणी सांगतलं होतं?

सकाळपासून आत बसून होती. सारं इंग्रजी. सुगतचं नाव एकदाही कानावर आलं नाही. अन् जेवणाच्या सुट्टीत हे कणकेचं.

मोठा वकील जाता जाता म्हणाला, "पोरगा काही परत येत नाही. पोळ्या करा, गप राहा."

म्या माह्या वकिलाची फाईल धरली. "साहेब, तुमी हसले काहून? सांगा मले. मराठीत सांगा."

"बाई, लोक पाहून राहिले."

"पाहू द्या."

मग भिंतीकडं तोंड करून त्यानं सांगतलं. हे तिघं खुनाचं काही पाहत नाहीत. त्या एका प्रश्नाचं उत्तर देतील, अन् केस परत दोघांकडं जाईन. तवा कुठं साक्षी-पुरावे निघतील.

पुढं निकाल आला. मायले परवानगी लागत नाही. मोठ्या वकिलानं जिन्यात गाठलंच. "आता अपील सुनावणीला यायलाच वर्षं जातील, बाई. तोवर तुम्ही असाल का?"

"नसन मी," म्या म्हटलं. "माही पोरगी आहे ना."

दुसऱ्या दिवशी पोरीले घेऊन माह्या वकिलाकडं गेली. तिचंही नाव अपिलात घालाले लावलं. लिहून होईपर्यंत खुर्चीवरून उठली नाही. आता ऐकून ठेवा. ते चौघं जेलात जाईपर्यंत आमच्यातलं एकजण कोर्टात बसलेलं दिसन.