ताजेवाले, जुनेवाले आणि अहमदपूरचा लॅपटॉप

आमच्या गटाची वही माझ्याकडे असायची. नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात मी संगणक प्रयोगशाळा सांभाळते. किती यंत्रं चालू, किती बंद, कोणता माउस कोणत्या टेबलावर, हे लिहून ठेवणं माझं रोजचं काम आहे. त्यामुळे नांदेड-लातूरच्या लिनक्सवाल्यांचा गट जमला तेव्हा वही कुणी ठेवायची यावर चर्चासुद्धा झाली नाही.

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मोकळी प्रणाली. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, हवी तशी बदलावी, दुसऱ्याला द्यावी. तिचे प्रकार पुष्कळ, आणि प्रत्येक प्रकाराचे कट्टर लोक. आमच्याकडे दोन पंथ होते. नांदेडचे आम्ही ताजेवाले. आमचा प्रकार दर आठवड्याला नवा होत राहायचा. लातूरचे जुनेवाले. त्यांचा प्रकार एकदा बसवला की काही वर्षं तसाच. त्यांचे पुढारी म्हणजे लातुरात कॉम्प्युटर क्लास चालवणारे एक सर, साधारण माझ्याच वयाचे.

सकाळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा पहिला मेसेज ठरलेला. "नांदेडकर, आज काय मोडलं?"

मी लिहायची, "तुमचं अजून उघडूनच राहिलंय का सर? आमचा चहा झाला."

"तुमच्या घरी रोज नवी नवरी, मॅडम. आमची जुनी हाय, पण भाकर वेळेवर मिळती."

"शिळी मिळते, सर."

त्यावर दोन्हीकडचे लोक हसायचे, आणि मग भांडण खरंच सुरू व्हायचं. दुपारपर्यंत कुणीतरी ग्रुप सोडायचा, संध्याकाळी परत यायचा. आम्हाला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू.

कामही करायचो. रविवारी कुठल्या तरी शाळेत, वाचनालयात शिबिर घ्यायचं, मरायला टेकलेली जुनी यंत्रं गोळा करायची आणि त्यांच्यावर लिनक्स बसवायचं. किनवटच्या एका वसतिगृहातले सगळे संगणक आम्ही असे उठवून उभे केले. शिबिर संपलं की वहीत नोंद. कोणतं यंत्र, कुठलं, कुणी बसवलं. एकाच यंत्रावर दोघांनी हक्क सांगितल्यामुळे नोंदी दुबार व्हायला लागल्या, तेव्हा मी एक नियम केला. ज्याचा शेवटचा हात, त्याचं यंत्र. यादी स्वच्छ राहावी, एवढाच हेतू होता.

नियमाचा परिणाम असा झाला की आम्ही नवी यंत्रं शोधायचं कमी केलं आणि एकमेकांची पुसून त्यांवर आपला प्रकार बसवायला लागलो. उदगीरच्या एका शाळेत लातूरकर येऊन गेले की पुढच्या महिन्यात आमचे लोक जायचे. यंत्र वापरणाऱ्यांना आम्ही सांगायचो, "हे जास्त चांगलं आहे." ते बिचारे मान हलवायचे.

अहमदपूर नांदेड-लातूर रस्त्यावर, दोघांच्या मधोमध. त्यामुळे दोघांनाही ते आपलं वाटायचं.

अहमदपूरच्या एका शाळेच्या ग्रंथालयात एक गृहस्थ मानधनावर काम करत होते. वय पस्तिशीचं, जन्मापासून दृष्टी नाही. कपाटं त्यांना हाताने पाठ होती, आणि पुस्तकांची यादी ते लॅपटॉपवर ठेवायचे. लॅपटॉपमध्ये पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर होता. तो लॅपटॉप लातूरच्या सरांनी दोन वर्षांपूर्वी तयार करून दिला होता. ग्रंथालयातल्या त्या गृहस्थांना मी भाऊ म्हणायची. त्यांच्याशी पहिली ओळख एका शिबिरात झाली तेव्हा ते मला यंत्राचा आवाज ऐकवत होते. इतका वेगवान, की मला एक शब्द कळला नाही. ते हसले. "मॅडम, तुमचे कान अजून पहिलीत हायेत."

यंत्र मराठी वाचताना चुकायचं. जोडाक्षरं तोडायचं, लेखकांच्या नावांची वाट लावायचं. भाऊंनी दोन वर्षं एकेक शब्द दुरुस्त करून स्वतःचा उच्चारकोश बनवला होता. कोणती कळ दाबली की कोणती भाषा, कोणती दाबली की ओळ परत, हेही स्वतः ठरवलेलं. हे सगळं लॅपटॉपच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये होतं. लिनक्समध्ये अशा फोल्डरच्या नावाआधी टिंब असतं आणि नेहमीच्या यादीत ते दिसत नाही.

शाळेतली ती जागा कायम होणार होती. संस्थेची समिती मुलाखत घेणार, आणि समोर बसवून काम करून घेणार. एक मराठी पत्र टाइप करायचं, दहा पुस्तकांच्या नोंदी करायच्या. भाऊंनी अर्ज करून स्वतःचा लॅपटॉप आणायची परवानगी मिळवली होती. त्यांच्या घरात खुर्चीवर बसून करायची नोकरी मिळवणारे ते पहिलेच. बायको अंगणवाडीत होती, मुलगी पाचवीत.

मुलाखतीच्या आठ दिवस आधी अहमदपुरात दोन्ही गटांचं एकत्र शिबिर होतं. मी सकाळच्या पहिल्या एसटीने गेले, कारण लातूरकर दहाला पोचणार होते. भाऊ आधीच येऊन बसले होते. लॅपटॉप जरा अडखळतोय, मुलाखतीआधी बघून द्या, म्हणाले.

मी बघितलं. डिस्क भरत आली होती, एवढंच. अनावश्यक फायली काढल्या असत्या तर पंधरा मिनिटांचं काम होतं. पण लातूरकरांचा सगळ्यात नाव झालेला लॅपटॉप माझ्या हातात होता. सर प्रत्येक शिबिरात सांगायचे, "आमच्या प्रकारावर अंध माणूस ग्रंथालय चालवतो." मी भाऊंना म्हणाले, "हे फार जुनं झालंय. नवीन टाकून देते, आवाजही सुधारेल."

"शब्द राहतील न माझे?"

"सगळं राहील."

मी त्यांची कागदपत्रं, याद्या, गाणी पेनड्राइव्हवर घेतली. लपलेले फोल्डर घ्यायचे हे माझ्या स्वतःच्या छापील यादीत तिसऱ्या क्रमांकावर आहे. यादी पिशवीत होती. घड्याळात साडेनऊ झाले होते. मी डिस्क पुसली.

लातूरचे सर आले तेव्हा नवीन प्रणाली बसून झाली होती. पडद्याकडे बघून ते म्हणाले, "वा मॅडम. घरात घुसून देव्हाराच बदलला."

"शेवटचा हात, सर."

भाऊ बाजूलाच बसले होते, हेडफोन लावून. थोड्या वेळाने त्यांनी तो काढला. "मॅडम, हे पहिल्यासारखंच चुकून राहिलं. माझे शब्द कुठं गेले?"

तेव्हा मला कळलं. मी सांगितलं की आठ दिवसांत थोडे थोडे परत भरता येतील, सवय होऊन जाईल. त्यांनी हेडफोन परत लावला. सर बोलले, पण भाऊंशी नाही. ग्रुपवर.

पुढच्या आठवड्यात भाऊंचा मला दोनदा फोन आला. भाषा बदलायची कळ वेगळी झाली होती, ती सांगितली. आवाज मध्येच तुटतो म्हणाले. मी माझ्या पंथाचं ठरलेलं उत्तर दिलं, "अपडेट करून घ्या." मुलाखतीच्या आदल्या दिवशी, रविवार असूनही शाळेत जाऊन, त्यांनी तिथल्या वायफायवर अपडेट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप सुरू झाला आणि बोलला नाही.

भाऊंनी मला फोन केला. आमच्याकडे प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती, फोन टेबलाच्या खणात होता. नंतर मोजले, सात फोन होते. मग त्यांनी लातूरच्या सरांना लावला. सरांनी उचलला. काय झालं ते ऐकलं आणि म्हणाले, "भाऊ, ज्यांनी टाकलं त्यांनाच विचारा. मी हात लावला तर उद्या माझ्याच नावावर येईल." फोन ठेवून त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "ताजेवाल्यांचा अहमदपूरचा लॅपटॉप मुका झाला. अभिनंदन." खाली लातूरकरांचे अंगठे.

आवाज लॅपटॉपच्या स्पीकरऐवजी टीव्हीच्या तारेकडे वळला होता, आणि टीव्ही जोडलेला नव्हता. फोनवर कळा सांगितल्या असत्या तर दोन मिनिटांत परत आला असता. हे मला संध्याकाळी, त्या अपडेटच्या तक्रारी इंटरनेटवर वाचून कळलं. सरांना ते सकाळीच माहीत होतं. त्यांनी पुढे माझ्याजवळ कबूल केलं.

भाऊ समितीसमोर मुक्या लॅपटॉपपुढे बसले. आठवणीने पत्र टाइप केलं. भाषा इंग्रजीवर राहिली होती, ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. पानभर अक्षरं उमटली आणि त्यात एक शब्द नव्हता. समितीतल्या कुणीतरी हळूच विचारलं, "ह्यांना येतं का खरंच?" कान तयार असल्यामुळे भाऊंना ते ऐकू गेलं.

मी गेले ती दुसऱ्या दिवशी. दार त्यांच्या बायकोने उघडलं. "जय भीम, ताई. या." पाणी दिलं, आणि मग बसलीच नाही, उभी राहिली. लॅपटॉप कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवला होता. मी माफी मागितली. भाऊंनी ती ऐकून घेतली.

"मुख्याध्यापक चांगलेत," ते म्हणाले. "म्हणाले, शनिवारी संस्थेची बैठक हाय. यंत्राचा दोष होता असं लेखी आणा, परत एक संधी मागतो. पण एकानं बसवलं, दुसऱ्यानं बदललं, म्हणून दोघांच्या सह्या पाहिजेत."

"आजच करते."

"लई लांबड लावू नका, मॅडम. एवढंच लिहा की मला येतं. तुम्ही दोघांनी पाहिलंय मला काम करताना."

त्यांची बायको तेव्हा पहिल्यांदा बोलली. "शनिवारच्या आत, ताई."

तो मंगळवार होता. एसटीतच मी मसुदा केला आणि सरांना पाठवला. बुधवारी त्यांनी दुरुस्त करून परत पाठवला. मी लिहिलं होतं, "तांत्रिक कारणाने आवाज बंद झाला." त्यांनी केलं, "अस्थिर प्रकार बसवल्यामुळे आवाज बंद झाला." मी ते खोडलं आणि लिहिलं की असा बिघाड कोणत्याही प्रकारात होऊ शकतो, मात्र वेळेवर दूरध्वनीवरून मदत मिळाली असती तर तो टळला असता. गुरुवारी त्यांचा फोन आला.

"मॅडम, ह्याच्यावर मी सही करू? म्हणजे दोषी मी?"

"सकाळी फोन कुणी उचलला होता?"

"डिस्क कुणी पुसली होती?"

अर्धा तास आम्ही असं बोललो. शुक्रवारी दोन परिच्छेद वाढले. एकात त्यांच्या प्रकाराची परंपरा, एकात माझ्या प्रकाराची गरज. आम्ही दोघंही ग्रुपवर काही लिहीत नव्हतो, भांडण फक्त त्या कागदावर होतं, आणि मला वाटत होतं की ही प्रगती आहे. एकटीच्या सहीने का असेना, माझं पत्र पाठवून द्यावं, असं एकदा मनात आलं होतं. तसं केलं तर सगळा दोष माझ्याकडे राहील, म्हणून पाठवलं नाही. हे कारण मी तेव्हाही स्वतःला याच शब्दांत सांगितलं होतं.

शनिवारी दुपारी सरांनी सही केलेला कागद लातूरहून एका ओळखीच्या हाती बसने पाठवला. तो मला संध्याकाळी नांदेडच्या स्टँडवर मिळाला. बैठक सकाळीच झाली होती.

तरी रविवारी मी अहमदपूरला गेले. मुख्याध्यापकांनी भाऊंना कळवलं होतं. संस्थेने दुसऱ्या उमेदवाराच्या नेमणुकीचा ठराव केला होता, भाऊंचं मानधन महिनाअखेर बंद. पत्र आता कुणाला द्यायचं नव्हतं. पण भाऊ म्हणाले, "आणलंय तर वाचून दाखवा."

मी वाचायला लागले. दीड पान होतं. प्रणाली, प्रकार, अद्ययावत करण्याची पद्धत, आवाजाचा मार्ग. माझाच आवाज मला मोठा वाटायला लागला. त्यांची बायको दाराशी मुलीची वेणी घालत होती, तिचे हात थांबले होते. शेवटच्या ओळीत "संबंधित वापरकर्त्याची गैरसोय झाली" असं होतं. मी दोघांच्या सह्या वाचल्या आणि थांबले.

"झालं?"

"झालं."

"मला येतं, हे कुठं लिहिलंय?"

मी कागद उलटून पाहिला. नव्हतं. चार दिवसांत आमच्या दोघांच्या हातून किती वेळा तो मसुदा गेला, आणि ते वाक्य पहिल्या मसुद्यातही नव्हतं.

"नाही लिहिलं, भाऊ."

त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला, बोटांनी त्याची घडी जुळवली आणि बायकोकडे दिला. तिने तो फाडला नाही. मुलीच्या शाळेच्या फायलीत ठेवला. मग भाऊंनी तिला सकाळसाठी शर्टाला इस्त्री करायला सांगितलं. सोमवारी नवा माणूस रुजू होणार होता, आणि कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते महिनाअखेरपर्यंत त्याला भाऊंनीच दाखवायचं होतं.