सात दुकानांचा एक संगणक

हेमलता नाईकवाडी यांनी विमानांच्या सरकारी कारखान्यात, खरेदी विभागात, एकतीस वर्षं काढली. रिव्हेट, वॉशर, रबरी सील, तारांची भेंडोळी, सगळं त्यांच्या सहीनं आत जायचं आणि काही महिन्यांनी त्यांच्याच डोक्यावरून घरघरत उडायचं. त्या स्वतः मात्र विमानात चालकाच्या जागेवर कधी बसल्या नाहीत. एकदा कुटुंबदिनाला दोरीच्या अलीकडून एक शिकाऊ विमान पाहिलं होतं, तेवढंच. निरोप समारंभात कोणीतरी विचारलं, "मॅडम, आता पुढे काय?" बाई म्हणाल्या, "विमान चालवणार." सभागृहात हशा पिकला. बाईंनी विनोद केलाच नव्हता, त्यामुळे त्यांना राग आला. आणि राग आला की ही बाई भांडत नाही, कामाला लागते.

विमान चालवण्याचा एक खेळ संगणकावर मिळतो, त्यात खरे विमानतळ असतात, खरा वारा असतो, आणि चूक केली की विमान खरोखरच्या हट्टानं खाली येतं, हे त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं. अडचण एकच. तो खेळ घरातल्या जुन्या लॅपटॉपवर उघडतसुद्धा नव्हता. त्याला खेळांसाठी बांधलेला दणकट संगणक लागतो, आणि तयार घ्यायला गेलं तर दीड लाखाच्या खाली कोणी बोलत नव्हतं.

"आई, मी पाठवतो ना तयार," टोरांटोहून मुलगा, क्षितिज, फोनवर म्हणाला. "तू त्या सुट्या पार्टच्या भानगडीत पडू नकोस. तुला नाही जमायचं ते."

तो हे प्रेमानं म्हणाला, म्हणूनच जास्त लागलं. रागानं म्हणाला असता तर बाईंनी तिथल्या तिथे परतवलं असतं.

"साठ हजारांत करीन," त्या म्हणाल्या. "माझ्या पैशांत, माझ्या हातानं. या महिन्याच्या तीस तारखेच्या आत. नाही जमलं तर तुझं मुकाट्यानं घेईन."

"घे की त्याचं," नवरा, हरी, शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाला. बाईंनी तेही मनात नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या जयनगरहून मेट्रोनं चिकपेटला उतरून एस.पी. रोडवर जाऊ लागल्या. त्या गल्लीत संगणकाचा प्रत्येक अवयव मिळतो, आणि प्रत्येक दुकानदार शेजाऱ्यापेक्षा शंभर रुपये कमी सांगतो. हेमलताबाईंना माहेरी आल्यासारखं वाटलं. प्रत्येक वस्तूला तीन दुकानांची लेखी कोटेशनं, त्यावर तारीख, शिक्का, आणि सगळ्यात कमी भाववाल्याला ऑर्डर. कारखान्यात जन्मभर हेच केलं होतं.

"अम्मा, एक रॅम घ्यायला कोटेशन?" रघुपती नावाचा दुकानदार हसून म्हणाला. त्याचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. पण त्यानं लिहून दिलं, शिक्काही शोधून आणला.

काटकसरीत बाईंचा हात धरणारा कोणी नव्हता. पडदा घ्यायचा नाही, घरचा टीव्ही आहे. कळफलक जुनाच चालेल. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे ज्याच्या जिवावर चित्र हलतं तो सगळ्यात महाग भाग, त्यांनी कोरमंगल्यातल्या बंद पडलेल्या गेमिंग कॅफेचं, त्याच गल्लीतल्या एका दुकानात विकायला आलेलं जुनं घेतलं. रंगीत दिवे असलेली पेटी एकानं आग्रहानं दाखवली. "मला यात गणपती बसवायचा नाही," म्हणून त्यांनी साधी पत्र्याची घेतली.

रघुपतीनं एक वेगळा प्रस्ताव मांडला. सगळं सामान त्याच्याकडून घ्यायचं, तो जोडून, चालवून दाखवील, दोन हजार जास्त पडतील. बाई लगेच सावध झाल्या. "सगळं मलाच द्या" म्हणणाऱ्या पुरवठादाराकडे त्यांनी एकतीस वर्षं संशयानंच पाहिलं होतं. त्यांनी सात वस्तू सात दुकानांतून घेतल्या. सत्तावन्न हजार चारशे झाले.

जेवणाच्या टेबलावर तीन दिवस जोडणी चालली. हरीला पोळीभाजी स्वयंपाकघरात उभ्यानं खावी लागली. बाई व्हिडिओ बघायच्या, थांबवायच्या, स्क्रू पिळायच्या, पुन्हा बघायच्या. चौथ्या दिवशी सकाळी बटण दाबलं, पंखे फिरले, टीव्हीवर धावपट्टी आली आणि धावपट्टीवर छोटं पांढरं विमान. बाईंनी इंजिनाचा जोर वाढवला. फट् झालं आणि सगळं काळं झालं.

पुन्हा लावलं. पुन्हा धावपट्टी, पुन्हा जोर, पुन्हा काळं. अकरा वेळा. विमान जागचं हललंसुद्धा नाही.

मग दुकानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. मदरबोर्डवाला म्हणाला, कार्ड जुनं आहे, तेच खराब. कार्डवाला म्हणाला, कार्ड ठणठणीत, वीज देणारा डबा बघा. डबेवाला म्हणाला, डबा नवा कोरा आहे, बोर्डात दोष असणार. रॅमवाल्यानं कानांवर हात ठेवले. प्रत्येक जण अदबीनं बोलत होता, चहा विचारत होता आणि पुढच्या दुकानाकडे बोट दाखवत होता. दोन दिवस यातच गेले. अठ्ठावीस तारीख आली.

त्या दुपारी मेट्रोत बसल्या बसल्या बाईंना आपली चूक उमगली, आणि त्या चारचौघांत लाजेनं लाल झाल्या. कारखान्यात मशीन मागवताना प्रत्येक ऑर्डरमध्ये एक कलम असायचं. पुरवठादारानं मशीन बसवून, चालवून दाखवायचं, त्याशिवाय पैसे नाहीत. ते कलम त्यांनी स्वतः हजारदा टाइप केलं होतं. इथे हजार-दोन हजार वाचवण्याच्या नादात त्यांनी एका मशीनचे सात तुकडे केले आणि ते कलमच खाल्लं. आता सातही जण आपापल्या परीनं खरे होते आणि मशीन कोणाचंच नव्हतं.

"जमलं का गं?" क्षितिजचा मेसेज आला. बाईंनी उत्तर पाठवलं, "तपासणी चालू आहे." आणि त्या शब्दावर त्या थांबल्या. पुरवठादार एकमेकांवर ढकलायला लागले की कारखान्यात काय करायचे, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

रघुपतीचा यात काहीच माल नव्हता, म्हणून संध्याकाळी त्याला विचारून त्यांनी सात कागद लिहिले. उद्या, एकोणतीस तारखेला, सकाळी अकरा वाजता रघुपती यांच्या दुकानात संयुक्त तपासणी. सर्व पुरवठादारांनी आपापल्या चांगल्या मालासह हजर राहावं. चहा आणि मद्दूर वडे मिळतील. सातही दुकानांत तो कागद त्यांनी स्वतः नेऊन दिला आणि पोच म्हणून सही घेतली.

सकाळी त्या ऑटोत संगणक मांडीवर घेऊन निघाल्या. प्रत्येक खड्ड्याला त्यांनी ऑटोवाल्याला "स्वल्प निधान, अण्णा" म्हणून हळू चालवायला सांगितलं. अकराला सहा जण आले, थोडे वड्यांसाठी, बरेचसे गंमत बघायला. डबेवाला आला नाही, तेव्हा मदरबोर्डवाला स्वतः जाऊन त्याला घेऊन आला. आळ आपल्यावर येऊ नये ही सहाही जणांची इच्छा होती, आणि बाईंचा सगळा भरवसा त्या इच्छेवरच होता.

रघुपतीनं एकेक भाग काढला, त्याच्या जागी दुसरा चांगला लावला, विमानाचा जोर वाढवला. रॅम बदलली, काळं. बोर्ड बदलला, काळं. कार्ड बदललं, तरी काळं. डबा बदलला आणि विमान धावपट्टीवरून सुसाट सुटलं. दुकानातल्या कोणालाच ते वर उचलता आलं नाही, ते समोरच्या झाडीत गेलं, पण संगणक बंद पडला नाही. कार्डवाल्यानं समाधानानं दुसरा वडा उचलला.

"मॅडम, तुम्हीच सगळ्यात कमी भाव मागितला," डबेवाला खाली बघत म्हणाला. "त्या भावात असाच येतो."

हे वाक्य बाईंनी नोकरीत अनेकांच्या तोंडून ऐकलं होतं आणि दर वेळी त्या भडकल्या होत्या. आज भडकता आलं नाही. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पण डब्यावर जेवढी ताकद छापली आहे तेवढी तो देत नाही. म्हणजे परत घ्यायला हवा." सहा शेजारी बघत होते. त्यानं परत घेतला.

रघुपतीकडचा दमदार डबा एकवीसशे रुपयांनी महाग पडला. चहा-वड्यांचे चारशेही बाईंनी त्याच खर्चात धरले, कारण तपासणीचा खर्च वेगळा दाखवणं त्यांना अप्रामाणिक वाटलं. एकोणसाठ हजार नऊशे.

दुपारी त्या घरी पोचल्या तर दारात एक भलंमोठं खोकं होतं.

"क्षितिजनं पाठवलंय," हरी ओशाळून म्हणाला. "तयार मशीन. आताच आलं, मी घेऊन ठेवलं."

बाईंनी खोक्यावरची चिठ्ठी वाचली. ऑर्डर याच महिन्याच्या सोळा तारखेची होती. म्हणजे मुदत तीस तारखेची असताना निम्म्यावरच त्यानं आईला बाद करून टाकलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. त्यांनी आपला संगणक टीव्हीला जोडला.

पहिल्यांदा विमान शेतात पडलं. दुसऱ्यांदा तळ्यात. तिसऱ्यांदा ते चढलं, वळलं, आणि चार वाजायच्या सुमाराला, तीनदा आपटत का होईना, धावपट्टीवर उतरून थांबलं. हरी कोडं बाजूला ठेवून शेजारी येऊन बसला होता. "उतरवलंस गं," तो म्हणाला.

तिकडे सकाळ झाली होती. बाईंनी क्षितिजला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा खोक्यावर धरला. चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

"हे मी मागवलं नव्हतं. परत पाठवते आहे."

"आई, राहू दे गं," तो म्हणाला. "तुझं चालतंय ना, छानच आहे. पण घरात एक जास्तीचं असू दे. तुझं बंद पडलं तर काय करशील?"

"माझंच उघडीन," हेमलताबाई म्हणाल्या.