कुबट श्रावण

कमळाकर घरत यांना कोणी विचारलं, "काका, हल्ली काय करता?" तर ते "कपडे" एवढंच सांगतात. विचारणाऱ्याला वाटतं, काकांनी कपड्यांचं दुकान टाकलं. नवीन पनवेलात रिटायर झालेली माणसं काय काय टाकतात, त्यात एक दुकान सहज खपून जातं. पण काका आपले घरातले कपडे धुतात, इतकंच.

शकूकाकूंच्या मनगटांना चिकनगुनियाने धरलं तेव्हापासून हे खातं काकांकडे आलं. ताप गेला, दुखणं मुक्कामाला राहिलं. "चार दिवस मी बघतो," असं म्हणून काकांनी मशीनचं बटण दाबलं. चार दिवसांसाठी घेतलेलं काम कधी चार दिवसांत सुटत नाही, तसं तेही सुटलं नाही.

खरं सांगायचं तर काकांनाही ते सोडायचं नव्हतं. कारण त्या घरात दुसरं कामच शिल्लक नव्हतं. भाजी मुलगा केतन मोबाईलवरून मागवतो. बिलं तो मोबाईलवरून भरतो. काका पहाटे दूध आणायला निघाले, तर दुधाची पिशवी आधीच दाराच्या कडीला लटकलेली. तरुणपणी उरणकडच्या मिठागरात आणि पुढे न्हावा शेव्याच्या गोदामात राबलेला माणूस. त्याला दिवसभर सोफ्यावर बसवलं तर सोफाच आधी कंटाळेल. कपडे होते म्हणून दिवसाला आकार होता.

आणि मग श्रावण आला. कवितेतला श्रावण वेगळा असतो. त्यात ऊन असतं. पनवेलच्या श्रावणात ऊन हे आलं-गेलं कळू नये असं काहीतरी असतं, दूरच्या नातेवाइकासारखं. छताला टांगलेल्या दोऱ्यांवर कपडे, दारांवर कपडे, खुर्च्यांच्या पाठींवर कपडे. घरतांच्या घरात जेवायला बसायचं तर आधी केतनची पँट बाजूला सारावी लागे. काका पंखा लावून हात मागे बांधून उभे राहत आणि मधूनमधून उलट्या हाताने टॉवेल चाचपून बघत, तापलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसा. आणि दोऱ्या वर ओढून ओढून त्यांचा खांदा धरायचा.

तेवढंही चाललं असतं. पण कपड्यांना वास यायला लागला. वाळताना नाही, इस्त्री करतानाही फारसा नाही. अंगात घातल्यावर, थोडा घाम आला की यायचा. पाण्यात कुजलेल्या गोणपाटासारखा, धुतलेल्या शर्टातून.

काकांनी आधी पावडर वाढवली. मग गुलाबाच्या वासाचं ते दाट, गुलाबी औषध आणून झाकण भरभरून ओतलं. त्याने कुबट वास गेला नाही, फक्त त्याचं गुलाबाशी लग्न लागलं. मग कपाटात कापूर ठेवून झाला. शेवटी एका सकाळी काकांनी लोबानाची धुपाटणी घेतली आणि टांगलेल्या कपड्यांखालून घरभर फिरवली. शकूकाकू म्हणाल्या, कपडे वाळवताय की भूत काढताय.  काका फार दमले होते, आणि दमलेला माणूस टोमण्याला उत्तर देत नाही.

सून अंकिता डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. त्या दिवशी ती तोच धुरी दिलेला कुर्ता घालून गेली. मोतीबिंदूसाठी आलेल्या एका म्हातारीने चिठ्ठी घेता घेता तिचा हात धरला आणि हळूच विचारलं, "घरी कुणाचं वर्षश्राद्ध होतं का गं, बाळा?"

अंकिता स्वभावाने गरीब. घरी येऊन तिने आदळआपट केली नाही. चहा केला, काकांच्या हातात कप दिला आणि मग म्हणाली, "बाबा, तुम्ही खूप दमता. उद्यापासून माझे आणि केतनचे कपडे मी खाली लॉन्ड्रीत देते. तुम्ही आता आराम करा."

काका "बरं" म्हणाले.

आराम या शब्दाचं काकांना भय होतं. गोदामात ज्याचं काम काढून घ्यायचं त्याला साहेब आधी आराम करायला सांगत. मी त्यांच्याच इमारतीत राहतो; दुसऱ्या दिवशी काका मला लिफ्टमध्ये भेटले तेव्हा मी नेहमीसारखं विचारलं, काय काका, कसं काय? म्हणाले, "दमलो." त्या दिवशी धुवायला काय होतं? त्यांचा एक लेंगा आणि काकूंची एक साडी.

असा आठवडा गेला असेल. वरच्या मजल्यावरच्या हेतलबेन ढोकळ्याचा डबा परत न्यायला आल्या. घरात शिरताच त्यांनी नाक मुरडलं, विचारपूस केली आणि गुजराती वळणाच्या मराठीत सुचवलं की काका, कपडे सोडा, एकदा मशीनचाच वास घेऊन बघा ने.

काकांना हे लागलं. कपड्यांबद्दल कोणी बोललं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण मशीन? ड्राय बाल्कनीच्या ग्रिलमधून पाऊस तिरपा आत येतो, म्हणून काकांनी मशीनला निळी ताडपत्री आणली होती. कपडे बाहेर काढले की लगेच दार घट्ट लावायचं, वरून पुसायचं, ताडपत्री चारी बाजूंनी खाली ओढायची आणि नायलॉनच्या दोरीने आवळायची. गाठ अशी, की घरात ती दुसऱ्या कोणाला सुटत नसे. मिठागरात पावसाआधी राशी झाकायला ज्याने उशीर केला, त्याचं मीठ खाडीत परत गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. पुढे गोदामात आयुष्यभर ट्रेलरवर ताडपत्र्या ओढल्या. झाकणं हा त्यांच्या हाताचा धर्म होता. आख्ख्या पावसाळ्यात मशीनला त्यांनी एक थेंब लागू दिला नव्हता, आणि ही बाई सांगते, वास घ्या.

हेतलबेन गेल्यावर मात्र ते बाल्कनीत गेले. रागारागाने गाठ सोडली, ताडपत्री मागे टाकली आणि मशीनचं दार उघडून डोकं आत घातलं. घातलं तसंच बाहेर काढलं.

दाराभोवतीच्या रबराच्या घडीत बोट फिरवलं तर बोट काळं. पावडरचा कप्पा ओढला तर त्याच्या मागे शेवाळ. शकूकाकू दुखरे हात पदरात धरून उंबऱ्यात स्टूलावर बसल्या होत्या. त्यांनीही तरुणपणी मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आपून रास झाकायचो, ती ओली झाकायचो का?"

"नाय."

"मंग?"

 आधी मीठ निथळू द्यायचं, त्याला वारा द्यायचा, आणि पार कोरडं झालं की मगच वर गवत घालायचं. हे दोघांनाही माहीत होतं.

"ते मीठ होतं," काका शेवटी म्हणाले.

"आनि याच्या पोटात काय हाय? पानीच ना? त्याचं तोंड बांधून ठेवलंत तुमी. बिचारं श्वास कुठून घेनार?"

यावर वाद नव्हता. काका गुडघे धरत खाली बसले. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन त्यांनी रबराची घडी न् घडी पुसली, दात घासायच्या जुन्या ब्रशाने कप्पा खरवडला, खालची जाळी काढून त्यातला चिखल टाकला. मग मशीन कडक गरम पाण्यावर रिकामंच फिरवलं. अधूनमधून ते उठताना "आई गं" म्हणत आणि काकू आतून "हळू" म्हणत. संध्याकाळी मशीनचं दार सताड उघडं होतं आणि ताडपत्री फक्त ग्रिलला, पावसाच्या बाजूने बांधलेली होती.

नंतर काकांनी आपला शर्ट थोड्याच पावडरमध्ये धुतला, मशीन थांबताच काढला, दोन्हीकडे मोकळी जागा सोडून पंख्याखाली टांगला. वाळल्यावर घातला आणि मुद्दाम मार्केटपर्यंत भरभर चालत जाऊन आले. घामाघूम होऊन काकूंच्या पुढे उभे राहिले आणि कॉलर पुढे केली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हेही करावं लागतं.

काकूंनी वास घेतला. पुन्हा घेतला.

"नुसता तुमचा हाय," त्या म्हणाल्या.

काकांनी सुनेला यातलं काही सांगितलं नाही. एकदा आराम करा म्हटल्यावर पुन्हा काम मागायला जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. पण एका सकाळी अंकिताचा टॉवेल लॉन्ड्रीतून यायचा होता, म्हणून तिने बेसिनजवळचा काकूंचा घेतला. तोंड पुसलं. मग टॉवेल तसाच नाकाला धरून ती थोडा वेळ उभी राहिली. बाल्कनीत डोकावली. मग दवाखान्यात गेली.

रविवारी सकाळी काका बाल्कनीत आले तर मशीनसमोर ढीग. तिचे कुर्ते, केतनच्या जीन्स, चादरी, उशांचे अभ्रे, आणि हॉलचे पडदेसुद्धा, जे एरवी कोणी गणपतीशिवाय काढत नाही.

"बाबा, निळा कुर्ता वेगळा टाका," अंकिता स्वयंपाकघरातून म्हणाली, "रंग जातो त्याचा."

काका ढिगाकडे बघत राहिले. खांद्याला हात लावला. शकूकाकू म्हणाल्या, पडदे तरी लॉन्ड्रीत द्या म्हनावं तिला.

"तू गप," काका म्हणाले. स्टूल पुढे ओढून बसले, एक लांब सुस्कारा सोडला आणि निळा कुर्ता शोधायला लागले.