नवशाच्या मागचे पाय

आमच्या म्हाताऱ्याचं नाव मी घेत नाय. पण तुमाला कळायला हवं म्हणून सांगते, नवशा. सिद्धगडाच्या पायथ्याला तारपा वाजवणारा तो एकलाच उरला. नवा भात घरात आला की हा भोपळ्याचा तारपा फुंकत पुढं चालायचा आणि अख्खा पाडा एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्या मागं नाचायचा. आमच्यात रीत हाय, वाजवणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाय. नाच भरलाय का नाय ते पायांच्या आवाजावरनं ओळखायचं.

मग पोरं मुरबाडच्या कंपन्यांत लागली. लग्नात डीजे आला. मागचे पाय कमी होत होत संपले. म्हाताऱ्यानं तारपा आढ्याला टांगला. जेवताना सुद्धा त्याची नजर आढ्याकडंच. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, पण मला त्याचं तोंड बघवत नव्हतं.

दोन हजार चार साली खालच्या माळावर मुंबईची पोरंपोरी आली. ना बोर्ड, ना आमंत्रण, फोनाफोनी करून जमलेली. मोठमोठे बॉक्स लावून रातभर एकाच ठेक्यावर नाचली. लोक म्हणाले, नशेची थेरं. म्हातारा म्हणाला, "उजाडलं तरी पाय थांबले नायत. ह्यांचा देव कोणता गो?"

मी म्हटलं, "तूच जाऊन इचार."

तर खरंच गेला की, तारपा घेऊन. मी मागोमाग. तेवढ्यात त्यांचा जनरेटर बंद पडला, पोरं भांबावून उभी राहिली. म्हाताऱ्यानं कोणाला न विचारता तारपा फुंकला आणि चालू लागला. एक पोरगी हसत मागं आली, मग सगळीच आली. पाय चुकत होते, पण होते. घरी येताना म्हातारा रडला. म्हणाला, "पुढच्या नव्या भाताला येतील बघ."

आमचा दूधवाला धनेश सांगत होता, पोलिसांच्या भ्यानं ते दर वेळी जागा बदलतात. मी म्हाताऱ्याला बोलले नाय.

वर्षानं नवा भात आला. म्हाताऱ्यानं भोपळ्याला ताजं मेण लावलं आणि दुपारीच माळावर जाऊन वाजवायला लागला. कोण येतंय? मला राहवलं नाय. त्याच्या मागं जाऊन नाचू लागले, तिघाचौघांचे पाय एकटीनं आपटत. एवढा मोठा माळ नि आमी दोघं. लग्नापासून त्याच्या मागं नाचत आले, पण इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

दोन फेर झाले. त्यानं तारपा तोंडातनं काढला आणि पुढंच बघत बोलला, "बस कर गो. तुझे गुडघे दुखतात."